आयसिनची आग: एका ब्रेक-व्हॉल्व्हने थांबवलेली टोयोटा

१ फेब्रुवारी १९९७, शनिवार. जपानच्या आइची प्रांतातल्या कारिया शहरात टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिन सेइकी कंपनीच्या एक नंबरच्या कारखान्यात पहाटे ४ वाजून १८ मिनिटांनी आग लागली. सकाळी नऊच्या आत ब्रेकच्या पार्टच्या लाइन जळून खाक झाल्या होत्या. पाचशेहून अधिक यंत्रे गेली. तिथे क्लचचे आणि ब्रेकचे मास्टर सिलिंडरही बनत, पण टोयोटाचा गळा आवळला तो पी-व्हॉल्व्ह नावाच्या एका पार्टने. मंगळवारपर्यंत टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक असेंब्ली लाइन बंद पडल्या. पुढच्या सोमवारपर्यंत त्या जवळजवळ नेहमीच्या वेगाने धावतही होत्या.

पुरवठा साखळी शिकवताना हे प्रकरण नेहमी दोनपैकी एका बाजूने सांगितले जाते. 'जस्ट इन टाइम (साठा न ठेवता लागेल तेव्हाच पार्ट मागवण्याची पद्धत) कसे अंगाशी येते बघा' ही एक बाजू, आणि 'जपानी कंपन्या संकटात कशा एक होतात बघा' ही दुसरी. माझ्या मते दोन्हींतून मुख्य गोष्ट निसटते. टोयोटा वाचली ती त्या पार्टच्या स्वभावामुळे, आणि तो स्वभाव पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बदलून गेला.

पार्ट

पी-व्हॉल्व्ह म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी वस्तू. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे झेपावते आणि मागची चाके हलकी होतात. पुढे आणि मागे ब्रेक ऑइलचा दाब सारखाच गेला, तर ही हलकी झालेली चाके आधी जाम होतात आणि गाडी मागून फिरते. पी-व्हॉल्व्ह तसे होऊ देत नाही. दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की आतली स्प्रिंग आणि पिस्टन मिळून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दाबाची वाढ मंदावतात. ही मर्यादा गाडीच्या वजनाच्या वाटणीवर ठरते, त्यामुळे मॉडेल बदलले की व्हॉल्व्हही बदलतो. असे शंभरावर प्रकार होते.

आयसिन हे व्हॉल्व्ह दिवसाला सुमारे ३२,५०० बनवत असे. किंमत एका नगाला ७७० ते १,४०० येन. टोयोटाच्या गरजेपैकी जवळपास ९९ टक्के पुरवठा आयसिनचा होता आणि उरलेला किरकोळ हिस्सा निश्शिन कोग्यो या कंपनीचा. एरवी महत्त्वाच्या पार्टसाठी दोन पुरवठादार ठेवण्याकडे टोयोटाचा कल असे. इथे अपवाद झाला, कारण आयसिनने या एकाच कामासाठी खास यंत्रांच्या लाइन उभारल्या होत्या. एवढ्या प्रमाणावर, एवढ्या अचूकतेने आणि एवढ्या स्वस्तात दुसऱ्या कोणालाच ते जमणारे नव्हते. टोयोटा ही आयसिनची सर्वांत मोठी भागधारक होती, त्यामुळे विश्वासाचाही प्रश्न नव्हता.

असेंब्ली कारखान्यांत या व्हॉल्व्हचा साठा काही तासांपुरता असे. वाटेतला आणि इकडे-तिकडे पडलेला माल धरूनही दोन-तीन दिवसांपलीकडे रेटता येणार नव्हते. त्यातच वेळ वाईट होती. १ एप्रिलपासून जपानमधला उपभोग कर ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर जाणार होता आणि त्याआधी गाडी पदरात पाडून घेण्यासाठी ग्राहकांची झुंबड उडाली होती. कारखाने पूर्ण क्षमतेने चालू होते, म्हणजे बुडालेले उत्पादन सावकाश भरून काढायलाही फारशी जागा नव्हती.

शनिवारचे पर्याय

त्या दिवशी टोयोटा आणि आयसिनसमोर कोणते मार्ग होते, ते आधी नीट मांडून घेतले पाहिजे. शेवट माहीत असला की निवड सोपी वाटू लागते.

आयसिनने लाइन पुन्हा उभारेपर्यंत थांबायचे, हा पहिला मार्ग. पण ती यंत्रे बाजारात तयार मिळणारी नव्हती. ती याच कामासाठी बनवून घेतलेली होती आणि नव्याने बनवून घ्यायची तर कित्येक आठवडे तरी जाणार होते. निश्शिनला उत्पादन वाढवायला सांगणे हा दुसरा मार्ग. तो करायलाच हवा होता, पण एक टक्क्याचे नव्याण्णव टक्के होत नसतात. व्हॉल्व्ह न लावता गाड्या बनवून बाजूला ठेवायच्या, हा तिसरा मार्ग कागदावर बरा दिसतो. मात्र व्हॉल्व्हशिवाय ब्रेकची नळी पुरी होत नाही, त्यात ऑइल भरता येत नाही, आणि लाइनवरून उतरलेली गाडी स्वतःच्या ब्रेकवर थांबू शकत नाही. शिवाय दिवसाला चौदा-पंधरा हजार गाड्यांच्या हिशेबाने आवारे बघता बघता भरली असती.

उरला चौथा मार्ग: ज्यांनी आयुष्यात कधी पी-व्हॉल्व्ह बनवला नाही, अशांकडून तो बनवून घेणे. ब्रेकच्या पार्टबाबत हा विचारसुद्धा धाडसाचा आहे. इथे छिद्राच्या उतारात सूक्ष्म फरक पडला तरी गाडी भलत्या वेळी घसरू शकते.

कामाला लागलेले लोक

आग धुमसत असतानाच आयसिनने आपत्कालीन पथक नेमले, जादा फोन मागवले, लोकांच्या झोपण्याची सोय केली आणि पुरवठादारांना कळवायला सुरुवात केली. मागेल त्याला ड्रॉइंग मिळू लागली. खरे काम इथूनच पुढे होते, कारण ड्रॉइंग हातात आले म्हणजे पार्ट बनवता येतो असे नाही. व्हॉल्व्ह कसा असावा हे ड्रॉइंग सांगते. तो कोणत्या क्रमाने कापायचा, कुठे धरायचा, कोणत्या ड्रिलने किती वेगाने छिद्र पाडायचे, हे आयसिनच्या बाबतीत त्या जळून गेलेल्या खास यंत्रांत बसवलेले होते. दुसऱ्यांकडे होती मशिनिंग सेंटर, म्हणजे वेगवेगळे पार्ट कापता येणारी सर्वसाधारण यंत्रे. तीच वस्तू त्यांच्यावर बनवायची म्हणजे सगळी प्रक्रिया नव्याने रचायची. आणि मशिनिंग सेंटरवर पी-व्हॉल्व्ह बनवण्याचा अनुभव खुद्द आयसिनकडेही फारसा नव्हता. शिकवणारेच कोणी नव्हते म्हणा ना.

मग ज्याने त्याने आपापल्या परीने डोके चालवले. ६२ कंपन्या तात्पुरत्या पी-व्हॉल्व्ह उत्पादक झाल्या. त्यांच्या मागे ड्रिल, पार्ट धरून ठेवणारी जिग आणि फिक्श्चर, आणि मापाची गेज पुरवणारे धरले तर दोनशेच्या आसपास कंपन्या या कामात उतरल्या. पी-व्हॉल्व्हची खास ड्रिल आगीतच गेली होती, त्यामुळे हत्यारे मिळवणे हेच कित्येकांचे पहिले घोडे अडण्याचे ठिकाण ठरले. टोयोटाच्या समूहातल्या डेन्सो कंपनीने आपली मशिनिंग सेंटर मोकळी करण्यासाठी स्वतःचे काम बाहेर देऊन टाकले. टोयोटाने नमुने बनवण्याचे आपले वर्कशॉप या कामाला लावले. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदर कंपनीने गाडीचा पार्ट यापूर्वी कधी बनवलाच नव्हता. तिने एका मिलिंग मशीनवर जवळपास ५०० मनुष्य-तास खर्च करून ती बदलून घेतली, आणि त्यातून निघणार होते दिवसाला फक्त ४० व्हॉल्व्ह.

या ४० आकड्यापाशी मी थोडा थांबतो. गरज ३२,५०० ची. कोणताही खरेदी व्यवस्थापक एरवी ४० नगांचा पुरवठादार दारात उभा करणार नाही. पण इथे हिशेब एका पुरवठादाराचा नव्हताच. कोणी ४०, कोणी काहीशे, कोणी हजार असे करत बेरीज व्हायची होती. बासष्ट ठिकाणी बासष्ट पद्धतींनी बनलेला माल येणार, तर त्याच्या दर्जाची जबाबदारी कोणी घ्यायची? बहुतेक माल तपासणीसाठी आयसिनकडे येऊन मगच पुढे टोयोटाकडे जात होता. बनवण्याचे काम विखुरले, पण होकार देण्याचा अधिकार विखुरला नाही. या प्रकरणातला हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

पहिले वापरण्याजोगे व्हॉल्व्ह आठवड्याच्या मध्यावर येऊ लागले. पहिल्या खेपा पोचवणाऱ्यांत लहान पुरवठादार होते. मोठ्या कंपन्यांपेक्षा ते चपळ ठरले, कारण मालक, सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा कारागीर) आणि तपासनीस एकाच मशीनपाशी उभे होते. गुरुवारी, ६ फेब्रुवारीला, काही लाइन सुरू झाल्या आणि सोमवारी १० तारखेला उत्पादन जवळपास पूर्वपदावर आले.

या सगळ्या दिवसांत दराची बोलणी झाली नाहीत. कोणी किती पैसे घ्यायचे हे न ठरवताच कामे सुरू झाली. पुढे आयसिनने प्रत्यक्ष खर्च भरून दिला. टोयोटाने आपल्या पहिल्या फळीतल्या, म्हणजे तिला थेट माल देणाऱ्या, पुरवठादारांना जानेवारी ते मार्च या तिमाहीत त्यांनी टोयोटाला केलेल्या विक्रीच्या एक टक्का रक्कम दिली. ती एकूण १५ अब्ज येनांच्या वर गेली. पहिल्या फळीतल्या कंपन्यांनीही त्यांच्या मागच्या लहान पुरवठादारांना तसाच वाटा दिला.

मग साठा का नको?

सुमारे ७०,००० गाड्यांचे उत्पादन बुडाले. त्यातला मोठा भाग नंतर ओव्हरटाइम करून भरून निघाला, तरी नुकसान प्रचंड होते. साहजिकच वाचणारा विचारतो, दोन आठवड्यांचा साठा ठेवला असता तर?

हिशेब करून पाहू. व्हॉल्व्हची सरासरी किंमत १,००० येन धरली, तर एका दिवसाचा माल ३ कोटी २५ लाख येनांचा होतो आणि दहा कामाच्या दिवसांचा साडेबत्तीस कोटींचा. टोयोटाच्या मानाने ही चिल्लर आहे. बुडालेल्या गाड्यांसमोर तर ती दिसतही नाही. एवढ्यावर थांबले तर टोयोटाचे चुकलेच म्हणावे लागेल.

पण आगीच्या आदल्या दिवशी पी-व्हॉल्व्हच अडकणार आहे हे कोणाला ठाऊक होते? स्क्रूपर्यंत मोजले तर एका गाडीत ३०,००० च्या आसपास पार्ट असतात. विमा उतरवायचा तर तो सगळ्यांचा उतरवावा लागतो. तेव्हा साडेबत्तीस कोटींचा आकडा मागे पडतो आणि गोदामे, हाताळणी, मॉडेल बदलल्यावर भंगारात जाणारा माल, हे सगळे दिसू लागते. तोच साठा कारियाच्या त्याच इमारतीत असता तर तोही जळालाच असता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साठा चुका झाकतो. दहा दिवसांचा माल पुढे पडलेला असला की आज बिघडलेला पार्ट दहा दिवसांनी सापडतो, आणि तोवर तसेच हजारो बनून गेलेले असतात. ताइइची ओहनो यांनी टोयोटात ज्या पद्धतीसाठी आयुष्य घालवले, तिचा गाभाच हा आहे. साठा कमी केला की दुखणे लपून राहत नाही, आणि लपले नाही की लोक त्यावर उपाय करायला शिकतात.

हे शिकणे आगीच्या आठवड्यात उपयोगी पडले. पुरवठादारांना टोयोटाची माणसे गेली कित्येक वर्षे एका पार्टवरून दुसऱ्यावर जाताना यंत्राची मांडणी (सेटअप) कशी झटपट बदलायची, प्रक्रिया टप्प्याटप्प्याने कशी तपासायची हे शिकवत होती. पुरवठादार एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन अभ्यासगट चालवत होते. त्यामुळे अनोळखी ड्रॉइंग हातात आले तेव्हा घाबरगुंडी उडाली नाही. नवा पार्ट लाइनवर घेणे हे त्यांचे नेहमीचेच काम होते, या खेपेला ते फक्त चार दिवसांत करायचे होते.

ज्यांनी टोयोटाकडून एकच पुरवठादार आणि कमी साठा एवढेच उचलले, त्यांनी अर्धीच पद्धत उचलली. उरलेला अर्धा भाग ताळेबंदात कुठेच दिसत नाही, म्हणून खर्चकपातीच्या बैठकीत त्याची आठवणही होत नाही. या यशात भूगोलाचाही मोठा वाटा होता. बहुतेक पुरवठादार आइचीत, एकमेकांपासून गाडीने सहज पोचता येईल एवढ्या अंतरावर होते. नमुना घेऊन माणूस सकाळी निघाला की दुपारी तपासणी होऊन परत मशीनपाशी उभा राहू शकत होता. तेच पुरवठादार तीन खंडांत विखुरलेले असते तर ४० व्हॉल्व्हची खेप आणण्यात काही अर्थच उरला नसता.

पार्टचा स्वभाव

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पी-व्हॉल्व्ह अवघड होता, पण शिकता येण्याजोगा होता. धातू कापता येणारे यंत्र, नेमके ड्रिल, चांगला सेटर आणि चार-पाच दिवस मिळाले की ब्रदरसारखी परकी कंपनीही तो बनवू शकत होती. 'दुसऱ्या कोणाला हा पार्ट किती दिवसांत शिकता येईल?' हा प्रश्न पुरवठादार किती आणि साठा किती या दोन्ही प्रश्नांच्या आधी विचारला पाहिजे. उत्तर 'आठवडा' असेल तर एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका पेलण्यासारखा आहे. उत्तर 'वर्ष' असेल तर तीच निवड जुगार ठरते.

पुढची दोन संकटे याच कसोटीवर लावून पाहावीत. १६ जुलै २००७ रोजी निइगाता भागात भूकंप झाला आणि काशिवाझाकीतल्या रिकेन कंपनीचा पिस्टन रिंगचा कारखाना बंद पडला. जपानी वाहन उद्योगातल्या जवळपास निम्म्या पिस्टन रिंग रिकेनच्या होत्या. टोयोटासह अनेक कंपन्यांना उत्पादन थांबवावे लागले. या वेळी पार्ट दुसऱ्यांकडून बनवून घेण्याची धडपड झाली नाही. रिंगचा धातू, तिची ओतकामाची आणि पृष्ठभागाची प्रक्रिया आठवड्यात उचलता येण्याजोगी नव्हती. म्हणून वाहन कंपन्यांनी आपली शेकडो माणसे काशिवाझाकीला पाठवली आणि यंत्रे सरळ करून रिकेनच पुन्हा उभी केली. काम पसरवण्याऐवजी या वेळी माणसे एकवटली, आणि पार्टचा स्वभाव पाहता तेच योग्य होते.

२०११ मध्ये हाही मार्ग तोकडा पडला. ११ मार्चच्या भूकंपात हिताचिनाका इथला रेनेसासचा नाका कारखाना बंद पडला. गाड्यांतली यंत्रणा चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या जागतिक बाजारात तेव्हा रेनेसासचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. वाहन कंपन्या आणि पुरवठादारांची माणसे तिथेही धावली. काही दिवशी अडीच हजारांपर्यंत लोक दुरुस्तीला होते. तरी उत्पादन सुरू व्हायला १ जून उजाडला, आणि सिलिकॉनच्या एका चकतीची शेकडो टप्प्यांतून चिप व्हायला पुढे आणखी महिने लागतात. तिथे आणखी एक गोष्ट उघडी पडली. टोयोटा समजत होती की आपली पुरवठा साखळी पिरॅमिडसारखी खाली रुंद होत जाते. प्रत्यक्षात ती खाली जाऊन पुन्हा चिंचोळी होत होती. पहिल्या फळीत दोन पुरवठादार ठेवले होते, पण तिसऱ्या-चौथ्या फळीत ते दोघेही एकाच कारखान्यातली चिप घेत होते. दोन पुरवठादारांची सोय कागदावरच राहिली होती.

या सगळ्यात मला अस्वस्थ करणारी गोष्ट खुद्द पी-व्हॉल्व्हबद्दलची आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत तो नसतोच. मागच्या चाकांचा दाब आवरण्याचे काम आता एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या, यंत्रणेतले सॉफ्टवेअर करते, तेही अधिक चांगले, चाकागणिक वेग मोजून. शंभर प्रकारचे व्हॉल्व्ह घडवण्याऐवजी एकाच हार्डवेअरमध्ये मॉडेलप्रमाणे आकडे बदलले की भागते. अभियंत्याच्या दृष्टीने ही निखळ प्रगती आहे. पण तेच काम धातूतून निघून चिपमध्ये गेले, आणि शेजारच्या कारखान्यांनी मिळून एका आठवड्यात ते उचलण्याची शक्यता त्याच दिवशी संपली. आज तशीच आग चिपच्या कारखान्यात लागली तर शिलाई मशीन बनवणारी कंपनी इच्छा असूनही काही करू शकत नाही.

२०११ नंतर टोयोटाने काय केले, ते या पार्श्वभूमीवर समजते. तिने मागच्या फळ्यांपर्यंतच्या पुरवठादारांची माहिती गोळा केली, कोणती वस्तू नेमकी कुठे बनते याची नोंद ठेवणारी यंत्रणा उभारली, आणि जोखमीच्या सुमारे ५०० वस्तूंची यादी काढली. चिपसारख्या वस्तूंचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितले. २०२१ च्या सुरुवातीला चिपअभावी इतर कंपन्या लाइन बंद करत असताना टोयोटा बराच काळ चालू राहिली, ती यामुळे. तेव्हा अनेकांनी लिहिले की टोयोटाने जस्ट इन टाइम सोडले. मला ते पटत नाही. जे आठवड्यात शिकता येते त्याचा साठा टोयोटा तेव्हाही ठेवत नव्हती आणि आताही ठेवत नाही. ज्या वस्तूचा नवा पुरवठादार उभा राहायला किंवा जुना सावरायला महिने लागतात, तिच्यासाठी तेवढ्या महिन्यांचा माल ठेवणे हे त्याच तर्काचे पुढचे पाऊल आहे.

हा उपाय कुठवर पुरतो तेही त्याच वर्षी दिसले. आग्नेय आशियात करोनाची लाट आली, तिथले पार्टचे कारखाने बंद पडले, चिपची टंचाई होतीच, आणि ऑगस्टमध्ये टोयोटाने सप्टेंबरचे जागतिक उत्पादन आधीच्या योजनेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केले. साठ्याने काही महिने मिळवून दिले होते. या वेळी एकच कारखाना जळालेला नव्हता, त्यामुळे माणसे कुठे पाठवायची हेही ठरवता येत नव्हते, आणि काम उचलू शकतील असे शेजारीही टाळेबंदीतच होते.